आठ वर्षांच्या मुलीच्या नखांभोवतीच्या चामखिळी दोनदा जाळूनही परत आल्या. आता काय करावं?

तिसऱ्यांदा जाळायची घाई करू नका. चामखीळ विषाणूमुळे होते. वरची गाठ जळून जाते, पण शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीत विषाणू उरतो आणि ती पुन्हा उगवते. शिवाय नख तयार होतं ते मागच्या कातडीखाली. तिथे खोल चटका बसला तर नख कायमचं वेडंवाकडं येऊ शकतं.

मुलगी नखं कुरतडते का, ते आधी बघा. कुरतडलेल्या कातडीतून विषाणू दुसऱ्या बोटांत जातो, कधी ओठांवरही. ती सवय सुटली नाही तर औषधाचा फारसा उपयोग होत नाही.

औषध म्हणजे साधारण १७ टक्के सॅलिसिलिक अॅसिडचं द्रावण. डॉक्टरांना एकदा दाखवून सुरू करा. रात्रीचं जेवण झालं की बोट दहा मिनिटं कोमट पाण्यात बुडवा, पुसा आणि मऊ पडलेला पांढरा थर खरखरीत कागदी कानशीने हलकेच घासा. रक्त येईपर्यंत घासू नका. ही कानशी दुसऱ्या कशालाच वापरायची नाही. भोवतीच्या कातडीला व्हॅसलीन लावा, टूथपिकच्या टोकाने एक थेंब फक्त चामखिळीवर ठेवा, वाळू द्या आणि वरून चिकटपट्टी लावा, पण आवळून नको. द्रावण पेट घेतं, म्हणून गॅसजवळ उघडू नका.

बहुतेकांचं चुकतं ते इथे: घासायचा कंटाळा करतात, मग औषध मेलेल्या कातडीवरच बसतं, किंवा पंधरा दिवसांत सोडून देतात. बारा आठवडे धरूनच चला. फार चुरचुरलं तर दोन-तीन दिवस थांबा.

घासताना काळे ठिपके दिसतील. ती मुळं नव्हेत, बारीक रक्तवाहिन्यांत गोठलेलं रक्त आहे. सुईने उकरू नका. बिब्बा, चुना अजिबात नको, मुलांची कातडी भाजून निघते. बोटावरच्या रेषा त्या जागेवरून पुन्हा सलग दिसू लागल्या की चामखीळ गेली असं समजा.

बारा आठवड्यांत फरक नाही पडला, किंवा चामखीळ नखाखाली शिरली, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. द्रव नायट्रोजनने गोठवणं किंवा चामखिळीत इंजेक्शन देणं, हे पर्याय आहेत, दोन्ही दुखतात. दुखत नसेल तर नुसती वाट पाहणंही चुकीचं नाही, मुलांच्या बऱ्याच चामखिळी दोनेक वर्षांत आपोआप जातात. मात्र बोट लाल होऊन ठणकलं, पू दिसला, तर ते नखुरडं; औषध थांबवून त्याच दिवशी दाखवा.