जरा कमी वाजव

अरे, रेगे गाण्यावर कोंगा वाजवतानाची तुझी क्लिप बघितली. हात मस्त चालतो, ढोलकीचा रियाज लपत नाही, पण खरं सांगू का, अख्ख्या गाण्यात तू एकदाही थांबला नाहीस. आपल्याकडच्या पोरांचं हेच होतं, लहानपणापासून सम दाखवायची सवय ना. वन ड्रॉपमध्ये, म्हणजे रेगेच्या मूळ ठेक्यात, पहिल्या मात्रेवर किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) नसतेच, ती तिसऱ्या मात्रेवर पडते, म्हणजे ड्रमरने जी जागा मुद्दाम मोकळी सोडलीय नेमकी तिथेच तू थाप हाणतोयस.

कोंगा बाजूला ठेव आणि आधी न्याबिंगी ऐक, जमैकातल्या रास्ता पंथाच्या लोकांचं ढोलवादन. तीन ड्रम, बास, फुंदे, रिपीटर. बास गादी लावलेल्या काठीने, फुंदे नुसता धकधक, धकधक, शेवटपर्यंत तसाच, आणि नखरे करायची मुभा फक्त रिपीटरला. साहजिकच सगळ्यांना रिपीटर हवा असतो :) तू फुंदे धर. कंटाळा येईल, येऊ दे, चाल हलली नाही पाहिजे. किंग्स्टनच्या काउंट ऑसीने हे रास्ता लोकांचं वादन १९६० च्या सुमाराला ‘ओ कॅरोलिना’ मधून रेकॉर्डवर आणलं, आणि तेव्हा जमैकातली सभ्य माणसं रास्तांकडे बघून नाक मुरडायची.

बाकी खेळणी नंतर. व्हायब्रास्लॅप, ते खडखडणारं वाद्य, घेतलायस ना, तो कडव्याच्या तोंडाशी एकदाच, त्याची ती करररर पूर्ण विरू दे, तोवर हात मांडीवर. हे जमलं की निम्मं आलं.

करिअरचं विचारलंस. नावासाठी येत असशील तर येऊ नकोस बाबा. उझाया ‘स्टिकी’ थॉम्पसन घे, सुरुवातीला माइकवर डीजेगिरी, म्हणजे तालावर बोलणं, मग पर्कशन, बहामातल्या नासाऊच्या कंपास पॉइंट स्टुडिओत गायिका ग्रेस जोन्सच्या रेकॉर्ड्स, पुढे बॉब मार्लीचा मुलगा झिगी मार्लीबरोबर वर्षानुवर्षं. रेगे ऐकणाऱ्या कुणीही त्याला ऐकलेलंच असतं, नाव विचारलं की गप्प. सीको पॅटरसनचंही तेच, हवानात जन्मलेला माणूस, बॉब मार्लीच्या वेलर्स बँडला किंग्स्टनच्या स्टुडिओ वनच्या दारात नेणारा तोच, आणि पोस्टरवर कोण ते तुला माहितीय. लॅरी मॅकडॉनल्डचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम २००९ ला आला, तेव्हा गडी सत्तरी ओलांडून बसला होता! तोवर दुसऱ्यांच्या मागे वाजवत होता, ताज महाल नावाचा ब्लूज गायक, कवी-गायक गिल स्कॉट-हेरन, बरेच.

म्हणून पैशाचं आधी बोलत जा. आपल्या कामाला बहुतेक वेळा सेशनचे पैसे एकदाच मिळतात, रॉयल्टी धरून चालू नकोस, आणि क्रेडिट रेकॉर्डिंगच्या दिवशीच मेसेजवर लिहून घे, नंतर कुणाला आठवत नाही. त्या पुढच्या महिन्यातल्या गिगचंही विचारून घे, प्रवासखर्च वेगळा की त्यातच, आणि कोंगाची जोडी टेम्पोत चढवणार कोण.