पेन ड्राइव्ह चांगला, तरी बूट होईना

प्रश्न : छोट्या लॅपटॉपमध्ये अ‍ॅटम प्रोसेसर, २ जीबी रॅम, ३२ जीबी ईएमएमसी (साठवणीची चिप) आहे. ६४-बिट लिनक्सचा पेन ड्राइव्ह दुसरीकडे चालतो, इथे बूट मेन्यूत दिसतच नाही. काय करावे?

उत्तर : दोष बहुधा फर्मवेअरच्या, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना आधी चालणाऱ्या अंगभूत सॉफ्टवेअरच्या, बाजूला आहे. अ‍ॅटमच्या ‘बे ट्रेल’ पिढीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये प्रोसेसर ६४-बिट, पण यूईएफआय (हेच ते फर्मवेअर) ३२-बिट असते. ते पेन ड्राइव्हवरच्या ‘ईएफआय’मधील ‘बूट’ फोल्डरात ‘बूटआयए३२’ नावाची फाइल शोधते. ती नसेल तर पेन ड्राइव्हकडे बघतही नाही. ‘डेबियन १२’ या लिनक्सची ६४-बिट इमेज (पेन ड्राइव्हवर लिहायची फाइल) घ्या, तिच्यात ही फाइल असते. आधी सिक्युअर बूट (फक्त सही केलेलेच सॉफ्टवेअर बूट होऊ देणारी फर्मवेअरची सेटिंग) बंद करा. यासाठी ३२-बिट लिनक्स टाकायची गरज नाही.

डेस्कटॉप म्हणून हलका एलएक्सक्यूटी निवडा. मग ‘झेडरॅम-टूल्स’ पॅकेज टाकून त्याच्या सेटिंगमध्ये ‘पर्सेंट’ ५० ठेवा, म्हणजे स्वॅप (रॅम भरल्यावर डेटा हलवायची जागा) रॅममध्येच दाबून बसते. ईएमएमसीवर स्वॅप पार्टिशन करू नका : ती चिप बोर्डला सोल्डर केलेली असते आणि सततच्या लिहिण्याने झिजते. घरी ती बदलणे जवळजवळ अशक्यच.