निळा गढूळ का होतो?

प्रश्न : अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांची चित्रं पाहून थरावर थर देत तैलरंगात निळं चित्र करायला घेतलं. तिसऱ्या थराला निळा गढूळ झाला, वर महिना उलटला तरी बोटाला चिकटतो. काय चुकलं? त्यांच्यावर सुरुवातीला कुणाची छाप होती?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : आधी छापेचं सांगतो, तुमच्या गढूळपणाचं कारण तिथेच सापडेल. गायतोंडे यांचं घराणं गोव्याचं, जन्म १९२४चा, नागपूरचा. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून १९४८ साली बाहेर पडल्यावर त्यांना ओढ लागली जुन्या भारतीय लघुचित्रांची. त्यातल्या आकृती बाजूला सारून ते रंगांची मापं पाहू लागले. पुढे युरोपातला आधुनिक चित्रकार पॉल क्ले आला. लघुचित्रात रंगाचा हात पातळ असतो, वाळतो, कागद पालथा घालून अकीक दगडाने घोटला जातो, मगच पुढचा हात. घाईला तिथे जागाच नाही.

तुम्ही बहुधा प्रत्येक थरात पांढरा मिसळलात. टायटॅनियम व्हाइट अपारदर्शक असतो. खालचा रंग झाकतो आणि निळ्याचा जोर मारतो. निळा उजळायचा तर पांढरा जमिनीत, म्हणजे कॅनव्हासवरच्या अगदी तळाच्या लेपात ठेवा, वरचे थर पारदर्शक घ्या. ट्यूबवरचा चौकोन पाहा : बहुतेक कंपन्यांत रिकामा म्हणजे पारदर्शक, भरलेला म्हणजे अपारदर्शक. निळ्यांपैकी अल्ट्रामरीन इथे चालतो, सेरुलियन नाही. आणि खालचा थर ओला असताना वर नारिंगी छटेचा हात फिरला असेल, तर राखाडी होणारच.

चिकटपणा जवसाच्या तेलाचा. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. आपल्या आषाढात हे आणखी रेंगाळतं. पहिल्या थराला नुसतं टर्पेंटाइन, दुसऱ्याला तीन भाग टर्पेंटाइन नि एक भाग तेल, तिसऱ्याला दोन्ही निम्मंनिम्म; आणि तेही रंग सैल होईल इतकंच. खाली तेलकट, वर कमी तेलाचा असा उलटा क्रम झाला की वरचा थर आधी आखडतो, खालचा हलत राहतो आणि भेगा पडतात. बोट कोरडं निघालं म्हणून फसू नका, कोपऱ्यात नख दाबून पाहा. आता वरचा थर पॅलेट नाइफने, म्हणजे रंग कालवायच्या बोथट सुरीने खरवडा, टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा आणि चित्र उजेडात ठेवून द्या. फडकी मात्र पाणी घातलेल्या झाकणाच्या डब्यात टाका. तेलाच्या बोळ्याला आपोआप आग लागते, ही भीती खोटी नव्हे.

गायतोंडे रोलर आणि नाइफ वापरत. रोलर रबरी घ्या, स्पंजचा फुगे सोडतो. काचेवर रंग लाटताना पचपच आवाज येतो तोवर रंग जास्त आहे, बारीक चरचर ऐकू आली की कॅनव्हासला लावा. चित्राची पाठ भिंतीपासून बोटभर दूर राहू द्या, नाहीतर बुरशी येईल.

प्रश्न : रंगांची समज यायला किती ट्यूब घ्याव्यात?
– एक विद्यार्थिनी, डिचोली

उत्तर : दोन. जुन्या देवळांतलं काविकाम बघून या. चुन्याच्या गिलाव्यावर काव, म्हणजे तांबडी माती, चढवायची, ओली असतानाच खरवडून खालचा पांढरा काढायचा. तिसरा रंगच नाही. तुम्ही अल्ट्रामरीन निळा नि बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी घ्या, एकाच कागदावर बारा चौकोन आखा आणि नुसतं प्रमाण बदलत जा. दोन्ही मिळून जवळपास काळा होतो, ट्यूबमधला काळा मागायची गरज तिथेच संपते.