'लोकसंख्या शिक्षण' म्हणजे कोणाचं शिक्षण?

प्रश्न असा आहे: डी.एड.च्या जुन्या पुस्तकांत 'लोकसंख्या शिक्षण' नावाचं प्रकरण असतं. ते म्हणजे लोकशिक्षणच का? की कुटुंबनियोजनाचं शाळेत चालेल असं सोज्वळ नाव? आणि हा शब्द लिहायचा जोडून की तोडून?

पहिला घोळ समासाचा आहे. शेवटी 'शिक्षण' आलं की आधीचं पद कधी शिकणारा असतं, तर कधी शिकवायचा विषय. स्त्रीशिक्षण, प्रौढशिक्षण, लोकशिक्षण यांत स्त्रिया, प्रौढ, लोक शिकतात. मूल्यशिक्षणात किंवा पर्यावरण शिक्षणात मूल्यं आणि पर्यावरण हे विषय आहेत. (दूरशिक्षण या दोन्हींत बसत नाही. शारीरिक शिक्षणाच्या तासाला काय शिकवतात, ते आपण सगळेच जाणतो.) 'केसरी', 'सुधारक' यांनी केलं ते लोकशिक्षण. लोकसंख्या शिक्षण मात्र दुसऱ्या गटातलं: शिकणारा सातवी-आठवीतला मुलगा किंवा मुलगी, आणि विषय लोकसंख्या.

दुसरी शंका अधिक रास्त आहे. र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत केंद्र काढलं ते संततिनियमनाचं. सरकारने 1952 पासून कार्यक्रम चालवला तो कुटुंबनियोजनाचा. दोन्ही शब्दांचा रोख जोडप्यांकडे. आणीबाणीतल्या नसबंदीच्या सक्तीनंतर 'कुटुंबनियोजन' हा शब्द इतका बदनाम झाला की 1977 मध्ये सरकारी खात्याने 'कुटुंब कल्याण' हे नाव घेतलं. शाळेतल्या विषयाचा उगम त्याआधीचा. 1969 मध्ये मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय परिसंवादात त्याची शिफारस झाली आणि 1980 मध्ये शालेय अभ्यासक्रम आखणाऱ्या एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेने संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या मदतीने राष्ट्रीय प्रकल्प सुरू केला. लोकसंख्यावाढीची धास्ती त्यामागे होतीच, ती नाकारण्यात अर्थ नाही. गंमत म्हणजे 1976 च्या 42व्या घटनादुरुस्तीने 'शिक्षण' राज्यसूचीतून समवर्ती सूचीत (म्हणजे केंद्र आणि राज्यं दोघांनाही कायदे करता येतील अशा विषयांच्या यादीत) आणलं आणि त्याच सूचीत 'लोकसंख्या नियंत्रण व कुटुंबनियोजन' ही नवी नोंदही घातली. म्हणजे घटनेत दोन्ही एकाच सूचीत, पण वेगवेगळ्या नोंदींत.

वर्गातही हा वेगळेपणा दिसतो. स्वतंत्र तास न ठेवता भूगोल, गणित, विज्ञान, नागरिकशास्त्र यांतच हा विषय मिसळायचा, अशी मूळ योजना. गणिताचं उदाहरण घ्या: 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या 11,23,74,333 आणि क्षेत्रफळ 3,07,713 चौरस किलोमीटर, तर घनता किती? भागाकार केला की 365 येतात. पुढचा प्रश्न: 0 ते 6 वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली 2001 मध्ये 913 होत्या, त्या 2011 मध्ये 894 झाल्या आणि बीड जिल्ह्यात तर 807 वर आल्या. का? इथे शिक्षक गप्प बसले आणि मुलं बोलू लागली, तर ते लोकसंख्या शिक्षण. 'छोटं कुटुंब, सुखी कुटुंब' फळ्यावर लिहून पाठ करून घेतलं, तर तो प्रचार. मग तो तास भूगोलाचा का असेना.

संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या आणि विकास या विषयावरच्या 1994 च्या कैरो परिषदेनंतर या विषयात प्रजनन आरोग्य, स्त्री-पुरुष समता, पौगंडावस्था हे भाग ठळक झाले. म्हणून नव्या कागदपत्रांत 'किशोरावस्था शिक्षण' भेटतं. त्यातही किशोर शिकणारे आणि त्यांची अवस्था हा विषय, म्हणजे आपले दोन्ही गट एकाच शब्दात! लैंगिक शिक्षण हा त्याचा एक भाग, पण 2007 मध्ये शाळेतल्या या शिक्षणावरून वाद पेटला, तेव्हा लोकांनी तेवढंच पाहिलं.

राहिलं लेखन. सामासिक शब्द जोडून लिहायचा, या नियमाने 'लोकसंख्याशिक्षण' हवं. सरकारी कागदांत आणि पुस्तकांत ते तोडूनच रूढ आहे. मी स्वतः तोडून लिहितो, कारण जोडल्यावर डोळा पटकन 'लोकसंख्याशास्त्र' वाचतो, आणि ती तर निराळीच विद्याशाखा. पण कोणी जोडून लिहिलं तर त्यावर लाल रेघ मारू नये.