‘सर, विश्वास नाही का?’

‘ओळखीच्याच माणसाने घराच्या व्यवहारात फसवले आहे असे वाटते, पण त्याला जाब विचारायला जीभ रेटत नाही आणि घरात सांगायचीही सोय नाही, काय करू?’ धुळ्यातील माझ्या समुपदेशन कक्षात हा प्रश्न वरचेवर येतो आणि विचारणारे बहुधा नोकरीभरची शिल्लक एकदाच, एकाच घरात घालायला निघालेले असतात. त्यांपैकी एकांची हकीकत त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे मांडतो.

हे गृहस्थ साक्री तालुक्यातील एका शाळेत गणित शिकवत असत. निवृत्ती जवळ आल्याने धुळ्यात देवपूर भागात एखादे तयार रो-हाऊस घ्यावे असे त्यांच्या मनात होते. घर दाखवणारा एजंट त्यांचाच जुना विद्यार्थी होता. प्रत्येक भेटीत तो आधी पाया पडे आणि मग बोलायला लागे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणारी लेक या वर्षी नव्या घरी यावी ही सरांची हौस त्याने बरोबर हेरली आणि ‘दुसरे गिऱ्हाईक उभे आहे, आखाजीच्या आत इसार दिला तरच घर हातात राहील’ असे सांगून त्यांच्याकडून एक लाखाचा धनादेश स्वतःच्या नावावर आणि दोन लाख रोख घेतले. सरांनी मालकाला भेटण्याचा विषय दोनदा काढला, तेव्हा दोन्ही वेळा उत्तर एकच मिळाले : ‘सर, विश्वास नाही का?’

ते माझ्याकडे आले तेव्हा आखाजी होऊन दोन महिने उलटले होते. झोप उडाली होती, वर्गात फळ्यावर गणित मांडता मांडता मध्येच आकडा विसरत असत आणि पत्नीला यातले काहीही ठाऊक नव्हते. शाळेच्या डायरीतून त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेली सौदा पावती काढली. पाचशे रुपयांचा मुद्रांक, त्यावर नोटरीचा शिक्का, खाली सरांची सही, एजंटाची ‘मालकातर्फे’ अशी सही, आणि मालकाच्या सहीच्या जागी पेन्सिलने केलेली फुली. रोख रकमेचा उल्लेख कोठेच नव्हता. एवढा वेळ नेटके, प्रमाण मराठी बोलणारे सर त्या फुलीवर बोट ठेवून एकदम अहिराणीत आले : ‘आते मी कोनले सांगू?’

माझ्या अनुभवात अशा माणसाला दोन भिडा बांधून ठेवतात. पहिली भीड कागद मागण्याची : ज्याला आपण पाढे शिकवले त्याच्याकडे मालकातर्फे सही करण्याचा अधिकार देणारे मुखत्यारपत्र मागणे सरांना त्याचा अपमान वाटला. दुसरी, आणि अधिक जाचक, भीड फसल्याचे कबूल करण्याची. एजंट या दुसरीवरच तग धरून असतो. ‘पोलिसांत गेलात तर रोकड कुठून आली हे तुम्हालाच विचारतील,’ एवढे एक वाक्य बोलून या एजंटाने सरांना दोन महिने गप्प ठेवले होते. वास्तविक, स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे आणि त्याबद्दलचा दंड रोख घेणाऱ्यावर बसतो. ही गोष्ट वकिलांकडून ऐकल्यावर सर कितीतरी वेळाने खुर्चीला पाठ टेकून बसले.

वकिलांकडे मात्र मी त्यांना लगेच पाठवले नाही. प्रथम पत्नीला सांगायचे, असे ठरवले. सांगताना एजंटाचे वर्णन करत बसायचे नाही, फक्त तारीख, रक्कम आणि आपण काय लपवले एवढेच बोलायचे, असा सराव आम्ही येथेच केला. बाई तीन लाखांवरून फारसे बोलल्या नाहीत. ‘रीत दाखवल्याशिवाय तुम्ही पोरांना एक गुण देत नव्हता,’ एवढेच म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच सरांबरोबर निघाल्या.

पुढचे काम त्यामानाने सरळ होते. मागच्या खरेदीखताची सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणी कार्यालयातला त्या व्यवहाराचा उतारा, काढल्यावर मूळ मालकाचे नाव कळले आणि दोघे थेट त्याच्या दारी गेले. मालकाला इसाराचा एक रुपयाही मिळालेला नव्हता, गिऱ्हाईक अजून विचारच करत आहे असे त्याला सांगण्यात आले होते आणि त्याने मागितलेली किंमत सरांना सांगितलेल्या किमतीपेक्षा पाच लाखांनी कमी होती. शिवाय घरावर बँकेचे कर्ज बाकी होते.

येथे एक खुलासा केला पाहिजे, कारण ‘महारेरात (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणात) तक्रार केली की झाले’ असा समज फार पसरला आहे. नोंदणीकृत प्रकल्पातील घर विकणाऱ्या एजंटाला महारेराची नोंदणी सक्तीची आहे आणि तेथे नोंदणीकृत करारनाम्याआधी बांधकाम व्यावसायिकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. सरांचे घर एका व्यक्तीकडून दुसरीकडे जाणारे, जुने होते. तेथे त्या नियमांचा आधार नव्हता. म्हणून वकिलांची नोटीस आणि पोलिसांत लेखी तक्रारीची तयारी हाच मार्ग उरला. नोटरीच्या शिक्क्याने घर नावावर होत नाही, त्यासाठी दुय्यम निबंधकांसमोर नोंदवलेले खरेदीखतच लागते, हेही सरांना तेव्हाच नीट समजले.

नोटीस मिळताच एजंट धावत आला, रडला, पाया पडला. सरांनी त्याच्याकडून रोख रकमेसह सर्व रकमेची लेखी कबुली आणि हप्त्यांच्या तारखा घेतल्या. एक लाख लगेच परत आला, एक लाख वीस हजार हप्त्यांनी आले, ऐंशी हजार मी हे लिहीत असताना बाकी आहेत. ते घर त्यांनी घेतले नाही.

शेवटच्या भेटीत सरांनी बसस्थानकावरचा प्रसंग सांगितला. एजंट गर्दीतून वाट काढत आला आणि सवयीने वाकला. सर एक पाऊल मागे सरकले आणि त्यांनी विचारले, ‘पुढचा हप्ता पंधरा तारखेचा आहे ना?’