स्वयंपाकाच्या ओट्यासाठी सोपस्टोन टिकेल का? पुण्यात घेताना काय बघावं?

टिकतो, पण कुठला घेता त्यावर सगळं आहे. शंखजिरं (टाल्क, सोपस्टोनमधलं मऊ खनिज) जास्त असलेला दगड मूर्तिकामाचा, नखानेही ओरखडतो. ओट्याला शंखजिरं कमी असलेला, कठीण प्रकार लागतो. नमुन्याचा तुकडा मागा आणि पॉलिश न केलेल्या बाजूवर नख, मग किल्ली ओढा. नखाने पांढरी भुकटी निघाली तर तो घेऊच नका. किल्लीचा हलका ओरखडा चालेल, तो बारीक पॉलिश पेपरने जातो. रात्रभर लिंबू आणि हळद लावूनही बघा. चांगला सोपस्टोन पाणी शोषत नाही, आम्लानेही बिघडत नाही; कडप्पा चुनखडीचा असल्याने लिंबाने डागाळतो. गरम कढई थेट ठेवली तरी चालते.

मात्र ओट्यावरच नारळ फोडणं, खलबत्ता आपटणं होत असेल तर काळा ग्रॅनाइटच बरा, हे मी स्पष्टच सांगेन. सोपस्टोनच्या कडांचे टवके उडतात. जाडी शक्यतो ३० मिमी घ्या, कडा गोल करून घ्या.

रंग एकसारखा गडद हवा असेल तर अधूनमधून फूड ग्रेड मिनरल ऑइल पुसा. गोडंतेल नको, ते चिकट होऊन वास मारतं.