दोघी जा, पण एका खोलीत राहू नका

दिग्रसजवळच्या एका ताईंनी विचारलं आहे की, गावातल्याच मैत्रिणीसोबत नऊ महिने स्पॅनिश शिकायला स्पेनमध्ये सालामांकाला चालले आहे, दोघी एकाच खोलीत राहिलो तर खर्च वाचेल का, आधार होईल का.

खर्च वाचेल ताई, पण भाषा जाईल. मी आर्वीकडची. माझ्या बालमैत्रिणीसोबत सालामांकातच शिकले आणि पहिले दोन महिने आम्ही एकाच खोलीत काढले. वर्गातून आलो, दार लावलं की जे वऱ्हाडी सुरू व्हायचं ते झोपेपर्यंत. बाहेर ती बोलायची, मी पिशवी धरायची. एक दिवस ती तापानं पडली आणि मी एकटी बेकरीत गेले. तिथं रांग दिसत नाही, बाया जागा मिळेल तिथं उभ्या असतात. आत येणारीनं "किएन एस ला उल्तिमा?" म्हणजे शेवटचा नंबर कोणाचा, असं विचारायचं आणि त्या बाईच्या मागं आपला नंबर धरायचा. आपण पिठाच्या गिरणीवर डबा ठेवताना विचारतो, अगदी तसंच. मला हे ठाऊक नव्हतं. मी गुमान उभी, मागून आलेल्या चौघी पाव घेऊन गेल्या. शेवटी काउंटरवरच्या बाईनं माझ्याकडं पाहिलं, तेव्हा तोंडातून "पान" एवढंच निघालं. पावाला तिकडे पान म्हणतात. कोणता, किती, काहीच सांगता येईना. दोन महिने वर्ग करून ही गत! घरी येऊन मी रडले, आणि त्याच महिन्यात आम्ही घरं वेगळी केली.

मी एका आजीबाईंच्या घरी खोली घेतली, मैत्रीण तिकडच्या मुलींसोबत राहिली. मधे दहा मिनिटांची वाट. रोज संध्याकाळी प्लासा मायोर या मोठ्या चौकात तासभर भेटायचो आणि तेव्हा पोटभर वऱ्हाडी. त्या एका तासानं मला पुढचे सगळे महिने तारलं, म्हणून मैत्रीण सोबत असावीच असं मी म्हणते.

भाषेला भिऊ नका, मराठीचा मोठा फायदा आहे. "मला आवडतं" यात आवडणारी वस्तू कर्ता असते ना, स्पॅनिशमधलं "मे गुस्ता" तसंच चालतं. एक वस्तू असेल तर गुस्ता, अनेक असतील तर गुस्तान. इंग्रजीच्या चालीनं "मी आवडते" असं जुळवायला गेलात की अडकाल. त, द आपलेच आहेत. तू आणि तुम्ही यांच्यासारखे तू आणि उस्तेद आहेत, फक्त तिथं तरुण माणसं लवकर तू वर येतात, ते अपमानाचं समजू नका.

जेवण दुपारी दोन-तीनला, रात्रीचं नऊनंतर. दोन ते पाच बरीच लहान दुकानं बंद, आपल्याकडच्या मे महिन्यातल्या दुपारसारखी गल्ली सामसूम. तीच घरी फोन करायची वेळ. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढं असतो, म्हणजे तिकडचे दोन म्हणजे आपल्याकडची दिवेलागण, माय वावरातून आलेली असते. उन्हाळ्यात फरक साडेतीन तासांचा होतो.

शाकाहारी असाल तर नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही, मासा वेगळा धरतात. "नो कोमो कार्ने नि पेस्कादो" पाठ करा. बटाट्याची तोर्तिया म्हणतात त्यात अंडी असतात. बेसन मात्र मिळतं, आरिना दे गार्बान्सो या नावानं. एका रविवारी मी आजीबाईंना त्याचा झुणका करून घातला. त्यांनी बोटानं चाटून पाहिला, मग पावाला लावून सगळी वाटी संपवली, आणि कृती विचारायला लागल्या. हिंग, मोहरी, परतणं, वाफ आणणं, हे सगळं मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगता सांगता मला पहिल्यांदा वाटलं की आपण बोलतोय.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. सहा महिन्यांहून जास्त राहणार म्हणून पोहोचल्यावर महिन्याच्या आत परदेशी लोकांच्या ओळखपत्राला अर्ज करावा लागतो. त्याची वेळ लवकर मिळत नाही, गेल्या गेल्या मागा.

सामानात तूप, पेढे, खवा घेऊ नका, दुधाचे पदार्थ युरोपात आत येऊ देत नाहीत. तुरीची डाळ, तिखट आणि काळा मसाला न्या, पण दोघींच्या पिशव्या वेगवेगळ्या बांधा. स्वयंपाकघरं दोन असणार आहेत.